डाव्या सुळ्यावरचा भरवसा

बत्तिशीच्या स्वतःच्या तोंडात पुढचा एक दात नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी फिदीफिदी हसायला नको. सव्वीस वर्षं माणूस लोकांच्या कवळ्या बनवतोय आणि स्वतःचा एक दात बसवायला त्याला सवड मिळत नाही. बायको म्हणायची, अहो, निदान चार माणसांत जाताना मेणाचा तरी चिकटवून जा. हा म्हणायचा, बघू. गल्लीत त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे बत्तिशीच म्हणत, आणि तोही निमूट ओ देत असे.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचं टेबल. टेबलावर घासायची छोटी मोटर, प्लास्टर कालवायचं रबरी भांडं, मेणाच्या वड्या, हिरडीच्या गुलाबी भुकटीचा डबा, आणि बिजागरीवर उघडझाप करणारा एक पितळी जबडा. भुकटी भिजवायच्या औषधाचा वास असा उग्र, की नवा माणूस दारातच नाकाला रुमाल लावायचा. दोन गल्ल्या सोडून दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्या पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायच्या, माप डब्यातून इकडे यायचं, आणि आठवड्याभराने इकडून दात तिकडे जायचे. पेशंट कोण, बाई की बुवा, बत्तिशीला काही ठाऊक नसायचं. त्याला माणसांची तोंडं माहीत होती, चेहरे नव्हते.

कामात तो भयंकर चिकट. दात पितळी जबड्यात बसवायचा, मध्ये निळा कागद धरायचा आणि जबडा टकटक मिटायचा. जिथे निळा डाग गडद उठला, तिथे दात उंच. मग घासायचा, पुन्हा कागद, पुन्हा टकटक. पुढे दवाखान्यात डॉक्टरीणबाई तोच कागद पेशंटच्या तोंडात धरायच्या आणि विचारायच्या, दुखतंय का. सव्वीस वर्षांत ‘हो’ म्हणणारे किती भेटले, ते बत्तिशी एका हाताच्या बोटांवर सांगू शकत होता. त्याची एक खोड मात्र होती. वरचा डावा सुळा तो किंचित आत वळवून बसवायचा. सरळ रांगेतले दात जाहिरातीत असतात, असं त्याचं म्हणणं. खऱ्या माणसाचा एखादा दात चुकलेला असतोच. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं आणि त्याने कोणाला सांगितलंही नव्हतं. पण रस्त्यात कोणी हसलं आणि तो वळलेला सुळा दिसला, की स्वारी दिवसभर खूश. ओळख मात्र द्यायची नाही. कवळी घातलेल्या माणसाला तोंडावर ‘हे दात माझे’ म्हणणं म्हणजे त्याला चारचौघांत उघडं पाडणं. हा या धंद्यातला रिवाज, आणि बत्तिशीने तो कधी मोडला नाही.

त्याला वाढवलं ते आक्काने. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा आणि आक्का सतराची. तिने लग्न केलं नाही, कोणी तो विषय काढलाही नाही. इस्पितळाच्या धुलाईघरात तिने बत्तीस वर्षं चादरींना इस्त्री केली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग, पण कोणी विचारलं तर ‘कुठे काय, काही नाही.’ या बाईने उभ्या आयुष्यात ‘दुखतंय’ हा शब्द उच्चारला नसेल. नोकरी संपल्यावर बत्तिशीने हट्टच धरला, आता एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये. आक्काने एकच अट घातली: भावाच्या घरात ती फुकट राहणार नाही. आणि तिचे गुडघे असे, की दुसरा मजला चढायचा म्हणजे तिला मध्ये दोनदा जिन्यातच बसावं लागे. म्हणून ठरलं, तळमजल्यावर घर बघायचं, आणि त्याचं डिपॉझिट आक्काने भरायचं. तिचं सगळं मागणं एवढंच, की दारापुढे खुर्ची टाकून उन्हात बसता यावं. बत्तीस वर्षं वाफेत काढली होती तिने.

घर मिळालं. तीन गल्ल्यांपलीकडे, मागे छोटं अंगण, भिंतींना ताजा रंग. आता मालक कसा होता ते ऐका. पांढरा शर्ट, केस तेल लावून मागे बसवलेले, आणि बोलणं इतकं गोड, की ऐकणाऱ्याच्या अंगाला चिकटावं. बसा ना, पाणी घ्या ना, घर तुमचंच समजा ना. बोलता बोलता मधूनच तो जिभेने वरची कवळी खाली पाडायचा आणि परत टाळूला चिकटवायचा. टॉक असा आवाज व्हायचा. दुसऱ्या कोणाला शिसारी आली असती. बत्तिशीचे मात्र कान टवकारले. मालक हसला, आणि वरचा डावा सुळा किंचित आत वळलेला दिसला.

झालं. आमचा बत्तिशी विरघळला. मालक समोर कागद सरकवून सांगतोय, इथे सही, इथे तारीख, नेहमीचंच आहे सगळं. आणि हा वाचायचं सोडून त्याच्या तोंडाकडे बघतोय. हिरडीचा रंग अजून टिकलाय. दाढांची झीज दोन्हीकडे सारखी आहे. आपण घडवलेली वस्तू ज्याच्या तोंडात रोज राहते, तो माणूस परका कसा, असलं काहीतरी खूळ त्याच्या डोक्यात शिरलं असावं. आक्काचं पाकीट त्याने टेबलावर ठेवलं. मालकाने बोट जिभेला लावून एकेक नोट मोजली. प्रत्येक दहा नोटांनी टॉक. बत्तिशीने सही केली, कागदाची घडी खिशात घातली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, “माणूस चांगला आहे.”

“कशावरून?” बायकोने विचारलं.

त्याने सांगितलं कशावरून. ती उठून कणीक मळायला गेली.

राहायला जायला दहा दिवस होते, तेव्हा आक्काला झटका आला. अर्धांगाचा. बाथरूममधून बाहेर येताना उजवी बाजू गेली, चेहऱ्याची उजवी बाजू लोंबली, वाचा अडखळली. जिथे बत्तीस वर्षं चादरी केल्या त्याच इस्पितळात, त्याच चादरींवर, ती तीन आठवडे पडून राहिली. मग डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, चाकाची खुर्ची लागेल, रोज हातापायाचे व्यायाम करायला इथे आणा. बत्तिशी टेप घेऊन नव्या घरी गेला. त्याला मोजायची सवय, तो केसाचाही फरक सोडायचा नाही. खोलीचं दार खुर्चीपेक्षा चार बोटं अरुंद निघालं. संडास अंगणाच्या पलीकडे, आणि त्याला तीन पायऱ्या. त्याने मालकाला विचारलं, दार रुंद करू का, खर्च माझा. मालक म्हणाला, भिंतीला हात लावायचा नाही. पायऱ्यांवर फळी टाकू का? फळीने फरशी खराब होते.

इस्पितळाच्या मागेच एक घर रिकामं होतं. सपाट, रुंद दाराचं, पुढे ओटा, ओट्यावर ऊन. तिथलं डिपॉझिट भरायचं तर इथलं परत मिळायला हवं, याच्याजवळ दुसरी पुंजी नव्हती. कवळ्या करून कोणी गाठोडं बांधत नाही. तिथली घरमालकीण म्हणाली, पंधरा दिवस थांबते, त्याहून जास्त नाही. म्हणून बत्तिशी मालकाकडे गेला. आपल्या मनाने तो निव्वळ सांगायला गेला होता, मागायलाही नाही. घर वापरलं नाही, किल्ली घेतली नाही, एक खिळा ठोकला नाही. पैसे परत मिळणार, यात शंका घ्यायला जागाच कुठे होती?

मालक शेंगदाणे खात बसला होता. सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये अरेरे म्हणाला, आणि मग त्याने बत्तिशीकडूनच तो कागद मागून घेतला. घडी उलगडली आणि खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. राहायला येण्याआधी भाडेकरूने बेत बदलला तर रक्कम परत मिळणार नाही. खाली बत्तिशीची झोकदार सही.

“मला मनापासून वाईट वाटतंय हो,” मालक म्हणाला. “पण बेत तुम्ही बदललात, मी नाही. घर तिथंच आहे. उद्या या राहायला.”

“अहो, दारातून खुर्ची जात नाही.”

“खुर्ची काही मी आणलेली नाही.”

आणि हसला. टॉक. तेच दात. बत्तिशी सांगायचा, त्या क्षणी त्याला राग आलाच नाही, ओकारी आली. उपाशीपोटी गाडी लागल्यावर येते तशी कोरडी. त्याने हात पुढे केला होता, कागद परत घ्यायला. मालकाने त्या हातावर कागद ठेवला आणि वर दोन सफरचंदं. आक्कांना द्या म्हणाला, आजारी माणसाला चांगली असतात. जिच्या तोंडातून पाणीसुद्धा गळतंय, तिला सफरचंदं! आणि आमचा शहाणा ती घेऊन बाहेर पडला की हो. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण आक्काची जन्मभराची इस्त्री देऊन दोन फळं घेऊन चाललोय. कुंपणाच्या भिंतीवर ती ठेवून तो घरी आला.

पुढच्या पंधरा दिवसांत तो सात वेळा गेला. दाताच्या कण्या केल्या म्हणा ना. निम्मे द्या म्हणाला, हप्त्याने द्या म्हणाला, आक्काचा फोटो दाखवला, इस्पितळाचे कागद दाखवले. मालक प्रत्येक वेळी पाणी द्यायचा, प्रत्येक वेळी मनापासून वाईट वाटून घ्यायचा, आणि पैसे काही द्यायचा नाही. शिव्या घातल्या असत्या, हाकलून दिलं असतं, तर परवडलं असतं. पण हा गोडवा! घरी आल्यावर बत्तिशी साबणाने हात धुवायचा, दोन-दोन वेळा. बायको एकदा सोबत गेली आणि तिने मालकाला जे सुनावायचं ते सुनावलं. तो तिलाही वहिनी म्हणाला. ती रस्त्यात थुंकली आणि म्हणाली, मला पुन्हा त्या दारात नेऊ नका.

आठव्यांदा बत्तिशी गेला तेव्हा खिडकीला पडदे होते. पिवळे, नवे. आत कोणीतरी कपाट सरकवत होतं. समोरच्या वाण्याने याला बघितलं आणि हाक मारली. तो म्हणाला, तुम्ही चौथे. याआधी एक नवरा-बायको बदलीमुळे आली नाहीत, एकाचं लग्न मोडलं, एकाला नोकरीच लागली नाही. दर वेळी मालक तेवढा भिंतींना नवा रंग देतो आणि भाड्याची पाटी लावतो. बत्तिशीने विचारलं, मग तुम्ही कोणाला सांगत का नाही? वाणी म्हणाला, मला विचारतंय कोण, आणि दुकानाची जागा त्याचीच आहे.

तक्रार लिहून घ्यायला बत्तिशी एका वकिलाकडेही जाऊन आला. वकिलाने कागद वाचला, सही बघितली, आणि विचारलं, हे वाचलं नव्हतंत का. काय सांगणार? मी दात बघत होतो, हे वकिलाला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने कागद उचलला आणि घर गाठलं. सोळाव्या दिवशी ओट्याचं घर दुसऱ्या कोणाला गेलं.

आक्काला दुसऱ्या मजल्यावर आणलं. चौघांनी खुर्चीसकट उचलून. जिना अरुंद, वळणावर खुर्ची अडकली, एकाच्या हाताची सालटं निघाली, आणि आक्का डाव्या हाताने कठडा धरून डोळे मिटून होती. वर आल्यावर तिने एवढंच विचारलं, “इथे किती दिवस?”

“नव्या घराला रंग देतायत,” बत्तिशी म्हणाला. “वाळला की जाऊ.”

का म्हणाला तसं, देव जाणे. तोंडातून गेलं खरं. आणि एकदा गेल्यावर ते गिळता येईना. दर दोन-चार दिवसांनी आक्का जड जिभेने विचारायची, वाळला का रे, आणि हा टेबलावरून मान वर न करता म्हणायचा, हवा दमट आहे ना. बायको आतून भांडं आपटायची. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यालाही खाली उतरून ऊन मिळतं. आक्काला खिडकीतून येणारा वीतभर पट्टा मिळायचा, तोही मोटरच्या घरघरीत आणि औषधाच्या त्या वासात. बत्तिशीला स्वतःची किळस येऊ लागली होती. सहीची, गप्प बसण्याची, हवा दमट असण्याची.

अशात एक दिवस डॉक्टरीणबाईंकडून डबा आला. वर चिठ्ठी: वरची कवळी, मधोमध तडा, तातडीचं. बत्तिशीने झाकण उघडलं आणि हात मागे घेतला. डावा सुळा. दाढांच्या फटीत शेंगदाण्याची फोलपटं. बायकोने मागून डोकावून बघितलं, आणि याच्या चेहऱ्यावरून तिला सगळं समजलं.

“ठेवून घ्या,” ती म्हणाली. “डिपॉझिट म्हणून.”

गंमत वाटली त्याला, नाही असं नाही. तो मालक बोळक्या तोंडाने पाणी घ्या ना, पाणी घ्या ना करतोय, हे चित्र त्याने डोळ्यांपुढे आणून बघितलं. पण काम डॉक्टरीणबाईंचं होतं. सव्वीस वर्षं त्या बाईंनी याचं पोट चालवलं होतं. त्यांना काय सांगणार? त्याने चिमट्याने कवळी उचलली, नळाखाली धरली, ब्रशने घासली. दुसऱ्याच्या तोंडातला घाण थर त्याने हजार वेळा धुतला होता आणि कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी त्याने नाकाला फडकं बांधलं.

तडा सांधला. हिरडी भरली. पॉलिश केलं. मग डाव्या बाजूची मागची दाढ त्याने बघितली, आणि तिच्यावर हिरडीच्या गुलाबी नव्हे, दात भरायच्या पांढऱ्या मसाल्याचा एक कण चढवला. केसाएवढा. डोळ्याला दिसणार नाही, जिभेला समजणार नाही. पण प्रत्येक घासाला, दिवसातून तीनदा, मरेपर्यंत हिरडीत रुतेल. निळा कागद त्याने काढलाच नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कवळी त्याच्या टेबलावरून न तपासता गेली. डबा बंद करताना, खरं सांगायचं तर, त्याला फार बरं वाटलं. संध्याकाळी त्याने बायकोला एक जोक सांगितला.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई रस्त्यात भेटल्या. त्या म्हणाल्या, “मास्तर, मस्त बसली ती कवळी. कागद धरायलाही थांबले नाहीत. दुखतंय का विचारलं, तर नाही म्हणाले.”

नाही म्हणाले? बत्तिशी चक्रावला. बेरड हिरडी आहे की काय? आठवडा गेला, पंधरवडा गेला. दवाखान्यातून डबा परत येईना. रोज जेवताना हा घास तोंडात धरून थांबायचा आणि तिकडे आत्ता काय होत असेल त्याचा विचार करायचा. अन्नाची चव गेली. मालकाचं तोंड म्हणजे जणू याच्याच ताटात येऊन बसलं होतं.

शेवटी एका दुपारी त्या वाण्याच्या दुकानाशी गाठ पडली. मालक बाकावर बसून शेंगदाणे खात होता. बत्तिशीला बघून तोंडभर हसला, आक्का कशा आहेत म्हणाला. बत्तिशी त्याच्या जबड्याकडे बघत होता. जबडा एकाच बाजूने हलत होता.

“डावीकडे दुखतंय का काही?” न राहवून याने विचारलंच.

“टोचतं जरासं.” मालकाने खांदे उडवले. “मी आपला उजवीकडून खातो. देवाने दोन बाजू दिल्यात.”

“डॉक्टरला का नाही सांगत?”

“सांगितलं की परत पैसे मागेल. आता सवय झाली.”

टॉक. आणि त्याने शेंगदाण्यांची पुडी बत्तिशीपुढे धरली, घ्या ना म्हणाला.

घराकडे येताना बत्तिशीला पहिल्यांदा त्या माणसाची नाही, स्वतःच्या हाताची ओकारी आली. हा इतके दिवस विष कालवत बसला, आणि त्या गृहस्थाने शेंगदाणा इकडचा तिकडे केला. विषय मिटला. ना त्याची झोप गेली ना घास अडला. पैसे गेले होते, घर गेलं होतं, आणि आता एक वाईट केलेलं काम, याच्या सुळ्याची खूण मिरवत, गावभर फिरत होतं. ते परत मागवायची सोय नव्हती. मागवायचं तर कबूल करायला लागणार, आणि कोणाकडे, तर त्या शेंगदाणेवाल्याकडे. त्याला वीट आला सगळ्याचा. दोन दिवस त्याने मोटर लावली नाही.

तिसऱ्या दिवशी लावावीच लागली. झटक्यानंतर आक्काचा जबडा एका अंगाला कलला होता आणि जुनी कवळी, याच्याच हातची, बोलताना गळून मांडीवर पडायची. आक्का ती उचलून पदराने पुसून मुकाट्याने बाजूला ठेवायची. महिनाभर ती चहात बिस्किट बुडवून खात होती. डॉक्टरीणबाई स्वतः दोन जिने चढून आल्या, माप घेतलं, आणि पैशांचं नाव काढू नका म्हणाल्या.

बत्तिशीने आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही. कलत्या तोंडाला दात बसवणं म्हणजे वाकड्या भिंतीला दार बसवणं. डावा सुळा आत वळवायचा नेहमीचा हात गेला, आणि वाटेतच थांबला. त्याने तो सुळा सरळ बसवला. मग पितळी जबडा, निळा कागद, टकटक. डाग नाही. पुन्हा कागद. डाग नाही. बायको म्हणाली, अहो, दहा वेळा झालं. तो म्हणाला, अजून एकदा. पूर्वी बोट फिरवलं की दाढ उंच की सखल ते त्याला समजायचं. आता बोट म्हणायचं ठीक आहे, आणि त्याचा बोटावर विश्वास बसत नव्हता. याच बोटाने तो कण चढवला होता.

सकाळी खिडकीतला उन्हाचा पट्टा आक्काच्या खुर्चीवर आला तेव्हा त्याने तिच्या तोंडात दात बसवले. कवळी पडली नाही. बायकोने पावाचा एक तुकडा दिला. आक्का सावकाश चावू लागली, दोन्हीकडून, कपाळाला आठी घालून.

“दुखतंय का?” बत्तिशीने विचारलं.

“नाही.”

“आक्का, खरं सांग. उजवीकडे? मागच्या दाढेला?”

तिने घास गिळला. डाव्या हाताने उजवा गाल चाचपला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

“त्या बाजूचं मला काही समजतच नाही रे,” ती जड जिभेने म्हणाली. “टोचलं तरी समजणार नाही. पण तू केलंयस ना? मग बरोबरच असणार.”

आणि तिने पावाचा दुसरा तुकडा मागितला. बायको आत गेली. बत्तिशीने आक्काच्या तोंडाखाली हात धरला, कवळी हळूच काढून घेतली, टेबलाशी येऊन बसला, आणि खणातून निळा कागद काढला.